फाटकावरचं पिवळं फडकं

आमच्या ठकीचं पहिलं प्रेम म्हणजे एक सरकारी फडकं.

पिवळंधमक, हातभर लांब, सुती. ते गालाला लागलं की ती झोपते, आणि नाही लागलं तर गल्लीला झोपू देत नाही. खरं तर ते तिच्यासाठी नव्हतंच. नदीकाठच्या प्रत्येक घराला असं एकेक फडकं वाटलं होतं, आणि दाराशेजारच्या खिळ्याला ते कायम टांगलेलं असावं असा नियम होता. पुराची शिट्टी झाली की घर सोडायचं, आणि जो शेवटी बाहेर पडेल त्याने फडकं फाटकाला बांधायचं. फाटकावर पिवळं दिसलं की समजायचं, आत कुणी नाही. मग माणसं न्यायला आलेली ट्रॅक्टरची ट्रॉली तिथे हाका मारत बसत नाही, पुढच्या घराकडे जाते.

एका दुपारी ठकीने दूध ओकलं, माझ्या हाताशी काही नव्हतं, मी खिळ्यावरचं फडकं ओढलं आणि तिचं तोंड पुसलं. तेवढंच झालं. तिने मूठ आवळली ती आवळलीच. पुन्हा खिळ्यावर जायचं भाग्य त्या फडक्याला लाभलं नाही.

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “पूर आला की ठकीलाच बांधू फाटकाला. रडेल अशी, की आपण आत नाही हे साऱ्या गावाला कळेल.”

मला हसू आलं नाही. ठकी झाल्यापासून पुराच्या गोष्टीला मला हसू येत नाही. पूर्वी नदी म्हणजे मागच्या खिडकीतून दिसणारी एक वस्तू होती. आहे आपली तिथे. आता पलीकडच्या खोलीत कुणीतरी जागं असावं तशी ती जाणवते. भांडी घासताना, ठकीला न्हाऊ घालताना, माझा एक कान बांधाकडे. नवरा पंपघरात कामाला आहे. गावात तुंबलेलं पाणी उपसून बांधापलीकडे नदीत टाकायचं, हे त्याचं काम. म्हणजे ज्या दिवशी पूर येईल त्या दिवशी तो घरी नसणार, हे ठरलेलंच.

“मी तिथे असतो म्हणून तर तुम्ही इथे निवांत,” असं तो म्हणतो.

निवांत! मी दिवसातून कितीदा दाराआडची पिशवी उघडून बघायचे ते त्याला कुठे ठाऊक. घर सोडायची वेळ आली तर उचलून पळायची ती पिशवी मी पोटुशी असतानाच भरून ठेवली होती. झबली, दुपटी, बॅटरी, मेणबत्त्या, औषधं, बिस्किटं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. एकदा सहज झबलं काढून बघितलं तर त्यात ठकीचा दंडही जाईना. पिशवी तयारच होती, पण जिच्यासाठी भरली होती ते एवढंसं बाळ आता कुठे राहिलं होतं? मी ते झबलं नाकाशी धरून तिथेच बसले. मग उठून मोठी झबली भरली. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

बाकीच्या वस्तूंची वेगळीच गत. घरात काही सापडेना की सासूबाई म्हणणार, “बघ गं, पिशवीत असेल.” बॅटरीतले सेल रेडिओत गेले. मेणबत्ती शेजारच्या मावशींकडे गेली, दोऱ्याला मेण लावायला. आणि बिस्किटांचं काय झालं ते बिस्किटांनाच माहीत.

“आई, बिस्किटं कुठायत?”

“मऊ पडली असती गं. चांगली आहेत का, एवढंच बघितलं.”

“सगळी?”

“एका बिस्किटावरून पुड्याची परीक्षा करू नये.”

शेजारच्या मावशी म्हणजे कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हेत, गल्लीच्या मावशी. आमचं घर शेवटून दुसरं, त्यांचं शेवटचं. त्यांच्या फाटकासमोर जरा मोकळी जागा, आणि पलीकडे लगेच बांध. मावशी शिवणकाम करतात. अंगाने भरभक्कम, गुडघे कामातून गेलेले, पण बोटं अशी चालतात की बघत राहावं. गळ्याच्या पट्टीला कायम एक सुई टोचलेली, तिच्यात कायम दोरा ओवलेला. कुणाचं बटण तुटलेलं दिसलं की त्याला जाऊच देत नाहीत. उभ्या माणसाच्या अंगावरच टाका घालतात आणि “हलू नको, नाहीतर तुलाच शिवेन,” असा दम देतात.

आता शिट्टीभाऊंबद्दल. आमचा पोस्टमन. कोणत्या घरात कोण राहतं हे त्याला पक्कं माहीत, म्हणून पुराच्या कामात गल्ली त्याच्या हवाली केली होती. तेव्हापासून त्याच्या गळ्यात शिट्टी आली आणि त्याचं खरं नाव गेलं. एका सकाळी तो प्रत्येक घराचं फडकं खिळ्यावर आहे का ते बघत बघत खाली यायला लागला. मी चोरासारखी मागच्या दाराने कुंपणापाशी पळाले.

“मावशी! तुमचं फडकं द्या ना जरा. आमचं ठकीच्या तोंडात आहे.”

मावशींनी खिडकीतून फडकं माझ्या हातात टाकलं. शिट्टीभाऊने आमचा खिळा बघितला, मान डोलावली, “शाब्बास वहिनी,” म्हणाला. तो पुढच्या फाटकातून त्यांच्याकडे जाईपर्यंत मी कुंपणावरून फडकं परत द्यायला गेले, तर मावशींनी हातच पुढे केला नाही.

“राहू दे तुझ्याकडे.”

“अहो, तो येतोय!”

“येऊ दे. धुवायला टाकलंय म्हणून सांगते. मला काय करायचंय ते? मी कुठे जाणार आहे?”

हसत हसतच म्हणाल्या. आणि लगेच मशीन चालू केलं. खडखडखड. मी फडकं घेऊन परत आले.

तो आवाज दिवसभर माझ्या डोक्यात चालू राहिला. ठकीला मांडीवर घेऊन मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी मागच्या पुराची गोष्ट सांगितली. मी तेव्हा या गावात नव्हते. पाणी गल्लीत शिरल्यावर ट्रॉली आली, आणि मावशींना काही केल्या वर चढता येईना. शेवटी चार बाप्यांनी त्यांना पोत्यासारखं उचललं. कपडे भिजलेले, चप्पल पाण्यात गेलेली, आणि वर कुणीतरी ओरडलं, “सांभाळा, ट्रॉलीचं चाक बसेल!” अख्खी ट्रॉली हसली.

“आणि मावशी?”

“ती पण हसली की. तिच्याइतकं मोठ्याने तर कुणीच हसलं नाही.” सासूबाईंनी ठकीच्या पायावरचं दुपटं सारखं केलं. “मी पण हसले होते गं. पण तेव्हापासून ट्रॉलीचं नाव काढलं की ती मशीन चालू करते.”

ट्रॉलीची उंची मला ठाऊक होती. मी पोटुशी असताना एकदा गल्लीचा पुराचा सराव झाला होता. मागचा फाळका खाली पाडला तरी ट्रॉलीचा तळ माझ्या छातीला लागत होता. पायरी नाही, कडी नाही, धरायला काही नाही. दोघींनी वरून ओढलं, एकीने खालून ढकललं. तेव्हाही लोक हसले होते, पण पोटुशीला हसतात त्या हसण्यात माया असते. मावशींच्या वाट्याला ती आली नव्हती.

म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले. “अरे, ट्रॉलीला लावायला एक लाकडी जिना कर ना. तीन पायऱ्या पुरतील.”

“करतो की. रविवारी करतो.”

रविवारी पंपाचा पट्टा तुटला. त्याच्या पुढच्या रविवारी फळ्या आणल्या. त्याच्याही पुढच्या रविवारी त्या फळ्यांवर सासूबाईंनी बरण्या मांडल्या. मी शिट्टीभाऊला गाठलं, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, पाणी पायाला लागलं की सगळे चढतात. मावशी पण चढतील. तुम्ही उगाच जीव जाळू नका.”

मी मावशींकडेही गेले. “मावशी, ते जिन्याचं—” एवढंच म्हणाले, आणि खडखडखड.

पूर आला तो लख्ख उन्हाच्या दिवशी. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता. ठकीची लंगोटं दोरीवर वाळत होती, आभाळ निळंशार. पाऊस पडला होता तो वर, डोंगरात, आणि तिथलं पाणी उशिराने निघून आता आमच्याकडे येत होतं. सकाळपासून नदीचा आवाज मात्र बदलला होता. मी सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, “तुला रोजच बदललेला वाटतो.” मग मी मोरीत पाणी ओतलं आणि ते जाईना. वाकून बाहेर बघितलं तर गल्लीतलं गटार उलटं वाहत होतं. नदीकडून घराकडे. हळूहळू, एक कागदाचा बोळा आमच्या पायरीकडे येत होता, पाहुण्यासारखा.

तेवढ्यात शिट्टी झाली. एकदा, आणि मग थांबेचना.

पुढचं कसं झालं ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की पिशवी उचलली आणि ती हलकी लागली. सेल नव्हते, मेणबत्त्या नव्हत्या, आणि आत सासूबाईंचा चष्मा होता, जो त्या दोन दिवस शोधत होत्या. ठकीला छातीशी बांधलं, तिचं फडकं तिच्या मुठीत. कुंपणापाशी जाऊन ओरडले, “मावशी! शिट्टी झाली, चला!” उत्तर नाही. मशीनचाही आवाज नाही. ट्रॅक्टर वरच्या टोकाकडून धडधडत खाली येत होता, त्याच्यात कुठलं काय ऐकू येणार.

“पहिल्या फेरीत गेली असेल,” सासूबाई म्हणाल्या. “तू चल. पोर सांभाळ आधी.”

मला पटलं नव्हतं. पण फाटकात ट्रॉली येऊन उभी राहिली, फाळका खाली पडला, आत दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी हात पुढे केले. मी खिळ्यावरचं फडकं काढलं आणि आमच्या फाटकाला घट्ट गाठ मारली. मग आधी ठकी वर गेली, मग सासूबाई, त्यांचा एक पाय आत आणि एक बाहेर असताना “अगं माझा गॅस!” असं त्या ओरडल्या, “बंद केलाय आई!” असं मी ओरडले, आणि मग मी.

ट्रॉली वळायला जागा होती ती मावशींच्या फाटकासमोरच. ड्रायव्हर तिथे गेला, मागेपुढे करायला लागला. मी मान उंच करून बघितलं.

फाटकावर पिवळं फडकं होतं.

“गेली बघा मावशी,” ट्रॉलीच्या कडेला उभा असलेला शिट्टीभाऊ म्हणाला. “मी तुम्हाला म्हटलं नव्हतं?”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. गेल्या. सुटले मी. ठकीच्या टाळूवर ओठ टेकवले आणि डोळे मिटले. ट्रॉली हळूहळू वळत होती. माझ्या बोटांना अजून त्या गाठीचा स्पर्श होता, आत्ता मारलेल्या, आमच्या फाटकावरच्या. आणि माझे डोळे उघडले.

आमचं फडकं ठकीच्या मुठीत होतं. आमच्या फाटकाला मी बांधलं ते मावशींचं होतं. मग मावशींच्या फाटकाला काय होतं?

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की ठकी दचकून रडायला लागली. “थांबवा ट्रॅक्टर! मावशी आत आहेत!”

“वहिनी, पिवळं बांधलंय—”

“ते खोटं आहे! त्यांचं फडकं माझ्याकडे होतं!”

ठकीला सासूबाईंच्या हातात दिलं. ती माझ्या गळ्याला चिकटली होती, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते करताना मला माझाच राग आला आणि मावशींचाही. खाली उडी मारली. गटार आता काठोकाठ भरलं होतं, आणि गल्लीच्या मधोमध पाण्याची एक बारीक जीभ चालत होती.

मावशी मशीनवर बसल्या होत्या. हात चाकावर, पण चाक थांबलेलं. पुढ्यात कुणाच्यातरी घराचा भलामोठा पिवळा पडदा पसरलेला.

“तू का उतरलीस?”

“तुमचं फडकं माझ्या फाटकाला आहे, मावशी. हे कुठलं?”

त्यांनी पडद्याची कड बोटांनी सरळ केली. मग म्हणाल्या, “पडद्याचा तुकडा उरला होता.”

“आणि खोटं बांधायचं तेसुद्धा चारी बाजूंनी दुमडून शिवलंत?”

“मग काय तसंच बांधायचं? दोरे निघतात.”

मला हसावं की त्यांना गदागदा हलवावं कळेना. बाहेर ठकी टाहो फोडत होती.

“जा. पोरगी रडतेय.”

“मला ऐकू येतंय.”

“मी माळ्यावर जाऊन बसेन.”

“माळ्याला शिडी आहे. ट्रॉली चढवत नाही, आणि शिडी चढणार?”

मावशींनी चाकावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. “चौघं लागले होते गं,” त्या हळूच म्हणाल्या. “एकाचा हात कुठे, एकाचा कुठे. मी हसले. हसले नसते तर रडावं लागलं असतं, आणि ते त्या सगळ्यांपुढे मला नको होतं. आता परत नाही. पाण्याने नेलं तर निदान एकटीला नेईल. बघायला कुणी नसेल.”

मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझं लक्ष त्यांच्या मागे गेलं. भिंतीशी कापड बेतायचं टेबल होतं. जाड पायांचं, बुटकं. शेजारी बसायचं स्टूल. मी एकदा स्टुलाकडे बघितलं, एकदा टेबलाकडे.

“मावशी, तुम्हाला कुणी उचलणार नाही. आणि कुणी बघणारही नाही.”

“मग काय उडून जाऊ?”

“स्टूल. मग टेबल. मग ट्रॉली.”

त्यांनी मान वळवली. जन्मभर मापं घेतलेली नजर. स्टुलावरून टेबलावर गेली, तिथून दाराबाहेर, फाळक्यावर. मला वाटतं, तेवढ्यात त्यांनी मनातल्या मनात दोनदा चढून बघितलं.

“बापे माणसं तोंडं फिरवणार?”

“फिरवणार.”

“पडदा घे तो,” मावशी म्हणाल्या आणि मशीनचा आधार घेऊन उठल्या.

मी दारातून ओरडले, “शिट्टीभाऊ, टेबल बाहेर काढायचंय!”

“सामान न्यायचं नाही वहिनी! नियम आहे!”

“सामान नाही हो, जिना आहे!”

तो क्षणभर बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, बहुधा मी त्याला पूर्वी सांगितलेलं सगळं. तो उडी मारून आला. दोघांनी टेबल ओढत फाळक्यापाशी लावलं, त्याच्यापुढे स्टूल. पडद्याची दोन टोकं दोन बायकांनी ट्रॉलीवरून धरली. आणि ठकीला खांद्यावर घेऊन सासूबाई उभ्या राहिल्या.

“ए, सगळ्यांनी तोंडं नदीकडे करा! ड्रायव्हर, तू पण! जो मागे वळून बघेल त्याच्या पँटची चेन या जन्मात गावात कुणी बसवून देणार नाही!”

अख्खी ट्रॉली वळली. म्हातारे, पोरं, पाठीवर बोचकी घेतलेली माणसं, सगळी नदीकडे तोंड करून गप्प उभी. मावशींनी स्टुलावर पाय ठेवला. एक हात माझ्या खांद्यावर. त्यांचं वजन माझ्या खांद्यातून टाचेपर्यंत गेलं आणि माझे पाय चिखलात रुतले. गुडघा टेबलावर. तिथे त्या अडकल्या. श्वास जोरात चालला होता.

“थांबू?” मी विचारलं.

“थांबतेस कशाला? ढकल! मी काय काचेची आहे?”

मी खांदा लावला. टेबल करकरलं, पण हललं नाही. मावशी टेबलावर उभ्या राहिल्या, फाळक्याची कड धरली, आणि एकदा मोठ्याने “आई गं” म्हणून आत गेल्या. स्वतःच्या पायांनी.

कुणी हसलं नाही. खरं तर कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांची तोंडं नदीकडे होती, आणि त्यांच्यातलं एक पोर म्हणालं, “बांधावरून पाणी येतंय.”

बांधाच्या माथ्यावर उन्हात एक चकचकीत पट्टी दिसत होती. ती खाली यायला लागली होती.

“वळू का आता?” ड्रायव्हरने नदीकडेच तोंड ठेवून विचारलं.

“वळ की मेल्या!” सासूबाई किंचाळल्या.

मला कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं. टेबल आणि स्टूल तिथेच राहिलं. ट्रॉली हिसका देऊन निघाली तेव्हा मावशी मागे वळून ओरडल्या, “फडकं सुटलं नाही ना गं?”

“नाही! आहे!”

“असू दे. आता खरं आहे.”

डोंगराच्या अंगाला असलेल्या शाळेपाशी ट्रॉली थांबली. फाळका पडला. सगळे धडाधड उतरले, आणि मग आमच्या लक्षात आलं की चढायचा जिना मागे राहिलाय आणि उतरायचंही असतं. मावशी ट्रॉलीत एकट्या, पडदा अंगाभोवती गुंडाळून, सिंहासनावर बसल्यासारख्या बसलेल्या. ड्रायव्हरला पुढच्या फेरीला जायचं होतं. त्याने इंजीन चालूच ठेवलं होतं.

“मी कुणाला उचलू देणार नाही,” मावशींनी आधीच सांगून टाकलं.

“तुला उचलायला इथे कुणाची छाती आहे?” सासूबाई म्हणाल्या आणि शाळेत घुसल्या. आतून त्यांचा आवाज येत होता. “तो नाही, तो लहान! मोठ्या मुलांचा बाक कुठाय?” दोन मास्तर एक मोठा बाक घेऊन आले, मागून एक बुटका बाक आला. मावशी उतरल्या. एक पाय, मग दुसरा. बाकाशेजारी गल्लीच्या वरच्या टोकाचे एक आजोबा गुपचूप येऊन उभे राहिले होते. ते मघाशी उतरताना उडी मारून खरचटून घेतलेला कोपर चोळत म्हणाले, “आधी सांगायचं ना, असं काही आहे ते.”

“तुम्ही तरी सांगितलंत का?” मावशी म्हणाल्या.

बाक परत न्यायला मास्तर वाकले तर ड्रायव्हर म्हणाला, “राहू द्या. ट्रॉलीतच टाका. नदीकाठच्या वाडीत माझी आजी आहे, ती पण येणार नाही म्हणून बसलीय. कशामुळे ते मला आत्ता कळलं.”

ट्रॉली बाक घेऊन गेली. नंतरच्या फेऱ्यांतून माणसं येत राहिली, आणि त्यांच्याबरोबर बातम्या. आमच्या गल्लीत आता ट्रॉली जात नव्हती. मावशींच्या फाटकाचं फक्त वरचं टोक दिसतंय आणि त्याला पिवळं काहीतरी फडफडतंय, असं कुणीतरी सांगितलं. मावशींनी ऐकलं. अंगावरचा पडदा काढून त्याची घडी घातली.

“टेबल गेलं म्हणजे,” त्या म्हणाल्या. “चांगलं होतं गं.”

मशीनबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. ठकीला मी त्यांच्या मांडीवर दिलं. खरं तर मला हात मोकळे हवे होते. मला रस्त्यावर जाऊन बघायचं होतं. पंपघराकडून अजून कुणी आलं नव्हतं. प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला मी पळत जायचे आणि नवरा नाही हे बघून परत यायचे. पिशवी उघडायचे, बंद करायचे. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईही सारख्या चष्मा पुसत होत्या. तो पुसायची गरज नव्हती.

“हे केवढं उसवलंय!” मावशींचा आवाज आला. त्यांनी ठकीचं फडकं हातात धरलं होतं. ओढून, चावून, धुऊन त्याच्या एका कडेचे दोरे लोंबत होते. मावशींनी गळ्याच्या पट्टीला हात लावला. सुई जागेवर होती, तिच्यात दोराही होता. ठकीने फडक्यासाठी ओठ काढायला सुरुवात केली.

“थांब गं बाई, एकच टाका. रडायचं नाही. हलू नको, नाहीतर तुलाच शिवेन.”

आणि ठकी थांबली. कशी कोण जाणे. डोळे मोठे करून ती सुईकडे बघत राहिली. मीही तिथेच उभी राहून सुईकडे बघत राहिले. त्यामुळे नवरा शाळेच्या फाटकातून आत आला तो मला दिसलाच नाही. कमरेपर्यंत चिखल, हातात बूट. पंप बंद पडेपर्यंत थांबलो आणि मग शेतांच्या बांधाबांधाने चालत आलो, म्हणाला. त्याने आधी ठकीला बघितलं, मग मला, मग आईला. मग मावशींना. मावशींना बघून त्याचा चेहरा पडला.

“मावशी, जिन्याचं राहिलंच,” तो म्हणाला. “रविवारी नक्की करतो.”

मावशींनी दातांनी दोरा तोडला आणि फडकं ठकीच्या मुठीत दिलं.

“कुठल्या रविवारी, तेवढं सांग,” त्या म्हणाल्या. “आणि बूट घाल आधी. पायऱ्या किती उंच हव्यात ते मी सांगते, तू फळ्या बघ. शाळेत मिळतील.”

तो बूट घालायला खाली बसला.